वायरला झोल

चढावर उभं राहून पेडल मारत असताना गिअर आपोआप बदलला, तर सायकलवाले त्याला 'घोस्ट शिफ्टिंग' म्हणतात. नाव मजेशीर आहे, अनुभव नाही. सगळं वजन एका पायावर असतं, मागचं चाक दगडावर आदळतं आणि चेन शेजारच्या मोठ्या चकतीवर उडी मारते. पायाखालचा जोर अचानक नाहीसा होतो. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर मुरूम घसरतो आणि कडेला उतार असतो. तिथे असं झालं की गुडघा हँडलवर आपटतो, नाहीतर माणूस सायकलसकट खाली जातो. माझ्या बाबतीत दोन्ही झालंय.

माझी सायकल सेकंडहँड आहे. फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे फोर्क आणि मागेही शॉक. गिअर अकरा. बाबांनी किंमत ऐकली आणि म्हणाले, "एवढ्यात चांगली मोटरसायकल आली असती." विषय संपला. आमचे बरेच विषय असे दोन वाक्यांत संपतात. बाबा भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होते. तो बंद पडला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी आता दिवसभर जे काम करतो, त्यात त्यांच्या हातात देण्यासारखं काहीच नसतं.

या सायकलचा त्रास असा, की ती स्टँडवर लावली की अकराही गिअर सुरेख पडायचे. टेकडीवर नेली की दर पाच मिनिटांनी भूत हजर. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात, आणि असा बग सगळ्यात चिवट असतो. डिरेलरचा हँगर वाकलेला नव्हता. लिमिट स्क्रू जागच्या जागी होते. चेन आणि कॅसेट झिजलेली नव्हती.

इथे गिअरची केबल कशी चालते ते सांगायला हवं. आत स्टीलची बारीक तार असते, ती इनर. बाहेरची नळी म्हणजे आउटर. आपण शिफ्टर दाबला की इनर ओढली जाते, पण ती ओढता येते ती आउटर दोन्ही टोकांना घट्ट टेकून उभी असल्यामुळे. म्हणून डिरेलरला इनर आणि आउटर यांच्या लांबीतला फरक तेवढा कळतो. तो फरक बोटाने केला की खड्ड्याने, हे त्याला कळत नाही. शिमानोने 1984 मध्ये 'एसआयएस' आणल्यापासून एका क्लिकला एक गिअर हा हिशोब रूढ झाला. माझ्या सायकलवर एका गिअरसाठी तार साधारण साडेतीन मिलिमीटर सरकते. एवढाच सगळा खेळ.

एका रविवारी चिंचवडच्या घरी गॅलरीत सायकल उलटसुलट करत बसलो होतो. बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. बराच वेळ बघून म्हणाले, "मागचं चाक वर-खाली होतं ना याचं?"

"हो."

"मग वायरला झोल कुठाय?"

आमच्या पिढीत झोल म्हणजे गडबड. बाबांच्या बोलण्यात झोल म्हणजे ढील. मग त्यांनी त्यांच्या चेतकचं सांगितलं. आकुर्डीत बनलेली बजाज चेतक. गिअर हँडलवर, डाव्या मुठीत, आणि इंजिन मात्र मागच्या चाकाबरोबर हलणारं. मुठीपासून इंजिनापर्यंत गिअरच्या दोन वायरी. "इंजिन हलणार, हँडल हलणार नाही. मधल्या वायरीने करायचं काय? ताणून बांधली तर खड्ड्यात बोंबलणार."

त्यांनी मला शॉकमधली हवा सोडायला लावली आणि सीटवर दोन्ही हातांनी भार टाकला. मी फरशीवर आडवा होऊन बघत होतो. मागचा भाग पूर्ण दबला, तशी पिव्हटजवळची आउटर दोरीसारखी ताठ झाली आणि डिरेलरकडचं तिचं टोक आपल्या खोबणीतून दोनेक मिलिमीटर बाहेर आलं. बाबांनी हात काढला, टोक गुपचूप परत आत. स्टँडवर हे कधीच दिसलं नसतं, कारण स्टँडवर सस्पेन्शन दबतच नाही.

आधी कुणीतरी पिव्हटच्या दोन्ही बाजूंना केबल टाय करकचून बांधले होते. दिसायला अगदी नीटनेटकं. मी ते कापले आणि नवी चार मिलिमीटरची आउटर घेतली, गिअरचीच. ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, ती दाबाखाली किंचित आखडते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीला समांतर असतात, म्हणून ती आखडत नाही. सस्पेन्शन पूर्ण दाबून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून माप घेतलं. बाबांनी कापलेलं तोंड कानशीने सपाट केलं, आतली चेपलेली प्लास्टिकची नळी आईच्या दाभणाने उघडली आणि टोकाला टोपी बसवली. टायरला आणि क्रँकला लागणार नाही असा एक लूप पिव्हटपाशी सोडला. तिथे दोन्ही भागांतलं अंतर सगळ्यात कमी बदलतं. लूप दिसायला गबाळा आहे. पण त्यानंतर भूत आलेलं नाही.

मित्र म्हणतात, वायरलेस डिरेलर घे, केबलची कटकटच नको. ते खरंय, 2019 पासून माउंटन बाइकसाठी तशी सिस्टिम बाजारात आहे, त्यात मध्ये तारच नसते. मी घेतलेली नाही. पैसे हे एक कारण.

दुसरं कारण फोनवर आहे. पूर्वी बाबा विचारायचे, "काम कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय." मग ते फोन आईकडे द्यायचे. आता पावसाळ्यानंतर ते आधी विचारतात, "वायर टायरला घासत नाही ना?" मग मी फोटो काढून पाठवतो, ते तो झूम करून बघतात, आणि म्हणतात, "टोपीपाशी गंज धरलाय. येताना घेऊन ये सायकल."