कालियाचा तिसरा फणा

पुण्याच्या पेठांतला हलता देखावा ज्याने मांडवाच्या मागून पाहिलाय, त्याला माझे मामा लगेच कळतील. पुढून गजेंद्रमोक्ष, कालियामर्दन. मागून गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, तारेने आवळलेली लाकडी दांडी आणि ग्रीसचा वास. मामांचं निम्मं आयुष्य त्या मागच्या बाजूला गेलं. दिवसा नोकरी, आणि श्रावण लागला की रात्री मांडव. ‘हालचाल दिसली पाहिजे, मोटर दिसता कामा नये,’ एवढंच ते पोरांना सांगत.

पुढे जिवंत देखावे आले, मंदिरांच्या भव्य प्रतिकृती आल्या, दिव्यांच्या भिंती आल्या. हलते देखावे करणारी मंडळं कमी होत गेली. मामांच्या मनातला कालिया मात्र बांधायचा राहूनच गेला होता. पाच फण्यांचा, सगळा डोह अडवून बसलेला, साठ मीटर लांब. पेठेतल्या गल्लीत मांडव पडून पडून केवढा पडणार!

२००८च्या सुमारास मी त्यांना सेकंड लाइफ दाखवलं. २००३मध्ये खुलं झालेलं हे ऑनलाइन जग तिथे वावरणाऱ्या माणसांनीच उभं केलेलं. एकेक प्रदेश २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. ठोकळे जोडून हवं ते घडवायचं आणि त्यात आज्ञावली घालून ते हलवायचं. मामांचा पहिला प्रश्न होता, ‘वजन किती पेलतं?’

वजनाची अडचण नव्हती, बाकीच्या बऱ्याच होत्या. ठोकळ्याची बाजू १० मीटरपेक्षा वाढत नसे. त्याहून मोठे ठोकळे फिरत होते, पण ते २००६मध्ये त्या प्रणालीतल्याच एका फटीतून निघालेले. त्यांचा आकार बदलता येत नसे. आपल्या बळाने चालणारं वाहन ३१ ठोकळ्यांत बसवावं लागे. एका प्रदेशातून दुसऱ्यात शिरताना बोटी अडकत, बसलेली माणसं भलतीकडे फेकली जात. तिथल्या प्रत्येक नावाड्याला हे ठाऊक होतं. म्हणून आमचा कालिया भाड्याने घेतलेल्या एकाच पाण्यात राहणार, आणि त्याला ढकलायचं नाही, ठोकळ्यांना फक्त जागा बदलायला सांगायचं, असं ठरलं. एका आज्ञेत फार तर १० मीटर, आणि प्रत्येक आज्ञेनंतर सेकंदाचा पाचवा भाग सक्तीचा थांबा.

अंगाचे तुकडे मी करायचो. फणे मामांनी स्वतःच्या नावाने खातं उघडून, माउस दोन्ही हातांनी धरून घडवले. डोक्यातून हाक सुटे आणि प्रत्येक तुकडा ती ऐकून सरके. भोवती माणसं जमली की सर्व्हर मंदावे, एखाद्या तुकड्याला हाक उशिरा पोचे किंवा पोचतच नसे, आणि मानेपाशी भेग पडे. तेव्हा हाक असायची, ‘दोन मीटर पुढे.’ मामा बराच वेळ ती भेग बघत बसले. मग म्हणाले, ‘पाऊल किती टाकायचं ते सांगू नकोस रे त्याला. पोचायचं कुठे ते सांग.’

आज्ञावलीतली एक ओळही त्यांना वाचता येत नव्हती. पण हाकेत मुक्कामाची जागा घातली आणि मागे राहिलेला तुकडा पुढच्या हाकेला आपसूक रांगेत येऊ लागला. भेग पडे, मिटे, पुन्हा पडे. त्या भेगांपायी आम्ही रात्र रात्र शेजारी बसलो. घरच्या लग्नकार्यांतही मामांचा इतका सहवास मला कधी मिळाला नव्हता.

मामा गेल्यावर भाडं थकलं. जागा सुटली की तिथल्या वस्तू आपापल्या मालकाच्या खात्यात परत जातात. त्याप्रमाणे कालियाचं अंग माझ्याकडे आलं. फणे त्यांच्याकडे गेले, आणि त्या खात्याचा पासवर्ड त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

पुढच्या काही वर्षांत तिथे ६४ मीटरचे ठोकळे चालू लागले, आखलेल्या वाटेवरून वस्तू सलग फिरवायची सोयही आली. आज तो कालिया मी एकटाही बांधू शकेन. पण मला तो मामांच्या शेजारी बसून बांधायचा आहे. २०२१मध्ये संभाजी पुलावरच्या मेट्रोच्या उंचीमुळे विसर्जनाचे रथ अडतील म्हणून मंडळांनी विरोध केला, तेव्हाही माझा हात आधी फोनकडे गेला. घडी होणाऱ्या कळसाचं रेखाटन त्यांनी तेवढ्यात वर्तमानपत्राच्या कडेला काढून ठेवलं असतं.

माझ्याकडे चित्रं आहेत, पण ती स्थिर. त्यांत पाचही फणे सारखेच उभे दिसतात. चालत्या कालियाचा तिसरा फणा बाकीच्यांपेक्षा किंचित मागून उठायचा. मी दोनदा तो इतरांबरोबर आणला आणि दोन्ही वेळा मामांनी टेबलावर बोटाने ठेका धरून मला तो परत मागे न्यायला लावला. असं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.