न दिसणारे द्रव्य की चुकलेला नियम?

१/ नाशिकहून पुण्याकडे जाताना सिन्नर, संगमनेर, आळेफाटा मागे पडले की नारायणगाव येते. तेथून आत, खोडदच्या शिवारात, ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. पावणेदोनशे वर्षे चाललेल्या एका वादात त्यांचीही साक्ष आहे.

२/ युरेनस गणिताने आखलेल्या मार्गावरून ढळत होता. फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने अनुमान केले की पलीकडे एक अज्ञात ग्रह असावा. १८४६ साली नेपच्यून सापडला. न्यूटनचा नियम शाबूत राहिला. हिशेबात द्रव्य कमी धरले होते.

३/ पुढे बुधाची कक्षाही जुळेना. फरक शतकाला अवघा ४३ विकलांचा. १८५९ मध्ये ल व्हेरिएने पुन्हा अदृश्य द्रव्याचाच तर्क केला. कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ असे नावही पडले. तो कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्तच नव्याने मांडला, तेव्हा कोडे सुटले.

४/ विसाव्या शतकात हाच पेच दीर्घिकांपाशी उभा राहिला. त्यांच्या कडेचे द्रव्य अपेक्षेहून वेगाने फिरत होते. बहुतेकांनी कृष्णद्रव्य, म्हणजेच डार्क मॅटर, गृहीत धरले. १९८३ मध्ये इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोम यांनी वेगळी वाट धरली: त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या सुमारे आठ हजार कोटीव्या भागाखाली उतरले की नियमच बदलतो. हाच ‘मॉन्ड’.

५/ याची कसोटी तारे विरळ होतात तेथे, दूरवर पसरलेल्या हायड्रोजन वायूत लागते. त्याच्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरींवरून फिरण्याचा वेग कळतो. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली, ३० तबकड्यांची खोडदची जीएमआरटी दुर्बीण या लहरी टिपते.

६/ २००५ साली आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर कराचेंत्सेव यांनी तिच्या साहाय्याने एनजीसी ३७४१ ही खुजी दीर्घिका मोजली. वायू तिच्या दृश्य पसाऱ्याच्या आठपट दूरवर आढळला आणि वस्तुमान प्रकाशाच्या मानाने प्रचंड निघाले. पुढे, २००७ मध्ये, दुसऱ्या एका गटाने याच दीर्घिकेची नवी निरीक्षणे तपासली. मॉन्ड उत्तम जुळला. मात्र गाभ्यात सपाट घनतेचे कृष्णद्रव्यही तितकेच जुळले!

७/ दीर्घिकासमूहांत मात्र मॉन्ड अडखळतो. २००६ च्या ‘बुलेट क्लस्टर’च्या अभ्यासात दोन समूहांच्या धडकेनंतर तप्त वायू मध्ये रेंगाळलेला आणि गुरुत्वाचा भार पुढे सरकलेला दिसला. दुसरीकडे, कृष्णद्रव्याचा एकही कण अद्याप प्रयोगशाळेत हाती लागलेला नाही.

८/ नेपच्यून आणि व्हल्कन ही एकाच बुद्धिमान माणसाची, एकाच युक्तीने काढलेली दोन अनुमाने. पहिल्या यशाने दुसऱ्याची हमी दिली नाही. कृष्णद्रव्य यांपैकी कोणाच्या पंक्तीला बसेल, याचा निवाडा खोडदसारख्या ठिकाणी धीराने घेतलेल्या मोजमापांतूनच होईल.