तारेवरची बिले

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड एक तार टांगलेली असे. तळाशी लाकडाची गोल चकती, वर अडकवण्यासाठी आकडा, आणि मधल्या दोन फुटांत वीज, घरपट्टी, पाणीपट्टी, टेलिफोन अशी सगळी बिले एकावर एक टोचलेली. अण्णा सहकारी बँकेत हेडक्लार्क होते. बिल आले की ते चष्मा लावून आधी पाकिटावरचे नाव वाचत, मग आतले. दोन्ही जुळल्यावर आकडेमोड तपासत. आणि पैसे भरून झाले की पावतीसकट ते कागद तारेवर चढवत. वर्षअखेर तार भरली की सुतळीने गठ्ठा बांधून माळ्यावर. ‘कागद बोलतो,’ असे ते म्हणत. लहानपणी मला हे कारकुनी वेड वाटे. पुढे साहित्याचा अध्यापक म्हणून ‘संहिता’ हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा वापरला. पण संहितेच्या विश्वासार्हतेची इतकी नित्य आणि निमूट उपासना मी दुसरीकडे पाहिली नाही.

२०१३च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली. त्याच वर्षी मी अण्णांच्या मोबाइलचे बिल कागदाऐवजी ईमेलने मागवू लागलो. अण्णांचा स्वतःचा ईमेल पत्ता नव्हता, म्हणून बिल माझ्या पत्त्यावर येई. कंपनीने झाडे वाचवण्याचे आवाहन केले होते. मला झाडांपेक्षा माझे हेलपाटे वाचवायचे होते. अण्णांनी फक्त एक प्रश्न विचारला, ‘हे त्यांनीच पाठवलंय हे कशावरून?’ मी हसून म्हणालो, ‘अण्णा, वर त्यांचं नाव आहे ना.’

या उत्तराचा पोकळपणा मला फार उशिरा कळला. ईमेलची वाहतूक ज्या नियमावलीवर उभी आहे ती जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली सिद्ध केली. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या छोट्या जगासाठी ती होती आणि त्या जगात कोणी खोटे नाव सांगेल ही शंका मुख्य नव्हती. म्हणून पाठवणारा जे नाव सांगेल तेच त्याचे नाव, असा तिचा सरळ व्यवहार. साध्या टपालातही पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचे नाव लिहू शकतो. पण तिथे निदान टपालखात्याचा शिक्का कोणत्या गावचा हे दिसते. पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासणीच्या व्यवस्था आल्या आणि पत्र खरोखर त्याच नावाच्या दारातून निघाले का, हे टपाल स्वीकारणारे यंत्र ताडून पाहू लागले. परंतु त्या दाराचे नाव म्हणजे ज्याची आपण वाट पाहत होतो तेच नाव की एका अक्षराने वेगळे, हे या व्यवस्था सांगत नाहीत. ते वाचणाऱ्यानेच पाहायचे असते.

एका अक्षराचा फरक म्हटले की मराठी माणसाला ‘ध’चा ‘मा’ आठवणारच. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. आणि ‘धरावे’ या शब्दातले अक्षर बदलून ‘मारावे’ केले गेले, ही कथा तेव्हापासून आपल्या भाषेत मुरली आहे. ती आख्यायिकाच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. तरी ती इतकी टिकली याचे कारण तिच्यात लेखी शब्दाविषयीची आपली मूळ भीती आहे: पाठवणारा खरा, पोहोचवणारा खरा, आणि तरी मजकूर वाटेत बदललेला. याउलट दुसरी भीती तोतयाची. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक माणूस उभा राहिला, लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. इथे मजकुराचा प्रश्नच नव्हता; बोलणारा कोण हाच प्रश्न होता. आजच्या संगणकशास्त्राने या दोन भीतींना दोन स्वतंत्र नावे दिली आहेत आणि दोहोंवर वेगवेगळे उपाय योजले आहेत. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब करत, ते मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून. आपल्या बिलाच्या पीडीएफवर डिजिटल सही असते तीही त्याचसाठी. गंमत अशी की पुष्कळांच्या संगणकावर त्या सहीपाशी पिवळे प्रश्नचिन्ह उमटते. सही देणाऱ्या प्रमाणन संस्थेला आपले सॉफ्टवेअर ओळखत नसते एवढाच बहुधा त्याचा अर्थ. पण वर्षानुवर्षे ते प्रश्नचिन्ह पाहून आपण ते न पाहण्याची सवय लावून घेतो. शिक्कामोर्तब हा शब्द भाषेत राहिला, शिक्का पाहण्याची नजर गेली.

२०१८च्या पावसाळ्यात असे एक बिल आले. वर कंपनीचे नाव, खाली रंगीत चिन्ह, थकबाकी सहाशेच्या घरातली, म्हणजे नेहमीच्या रकमेच्या जवळपासची. आणि आज रात्रीपर्यंत भरणा न केल्यास सेवा खंडित होईल अशी सूचना. भाषा अगदी बरोबर होती. चुकीच्या इंग्रजीवरून बनावट पत्र ओळखावे, हा उपदेश मी स्वतः विद्यार्थ्यांना केला होता. तो इथे निरुपयोगी ठरला. दुव्यावर गेलो, कार्डाचे सोळा आकडे भरले आणि सहज म्हणालो, ‘अण्णा, तुमचं बिल राहिलं होतं वाटतं.’ ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, ‘आपलं बिल पाच तारखेला येतं. आज सतरा.’

मी थांबलो. पत्त्याची पट्टी नीट पाहिली तेव्हा कंपनीच्या नावात एक अक्षर दोनदा आलेले दिसले. आधुनिक सुरक्षेची सारी साधने माझ्या हाताशी होती. वाचवले ते तारेवरच्या बिलांनी शिकवलेल्या तारखेने. त्या संध्याकाळी कार्ड बंद करून घेतले. फसवणूक झालीच तर तक्रारीसाठी आता १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चा, आणि संगणकाद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन ठकवणाऱ्याला शिक्षा देणारे ६६ड हे कलम त्यात २००९ पासून लागू आहे. कायद्याच्या मराठीत यालाच तोतयेगिरी म्हणतात, हे वाचून मला बरे वाटले. भाऊसाहेबांचा तोतया असा कायद्याच्या भाषेत जिवंत आहे.

असो. इथे ही गोष्ट संपती, तर ती लिहिण्याचे कारण नव्हते.

त्या प्रसंगानंतर मी सावध झालो. पुढचे प्रत्येक बिल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागलो. फाइलीला पासवर्ड असे: नावाची पहिली चार अक्षरे आणि पुढे जन्मवर्ष. ही कुलुपे कोणापासून रक्षण करतात याचा मी तोवर विचारच केला नव्हता. ज्याला आपले नाव आणि जन्मसाल ठाऊक नाही त्याच्यापासून. म्हणजे ज्याला आपल्या बिलाशी काही कर्तव्य नाही त्याच्यापासून. ज्यांना कर्तव्य आहे, म्हणजे घरची माणसे, त्यांना किल्ली पाठच असते. पहिल्या पानावर रक्कम, दुसऱ्यापासून केलेल्या फोनांचा तपशील: तारीख, वेळ, क्रमांक, अवधी. काही परका क्रमांक तर नाही ना, हे पाहत मी बोट खाली नेत होतो. आणि एका क्रमांकापाशी बोट थांबले. परका नव्हताच तो. साताऱ्याचा, लहानपणापासून तोंडपाठ असलेला, काकांच्या घरचा. दर रविवारी सकाळी सातनंतर, दहा-बारा मिनिटे. मागची बिले उघडली. त्यांतही तेच.

वाड्याच्या वाटणीवरून २००४ मध्ये काका आणि आम्ही कोर्टात गेलो होतो. आई त्या काळात फार खचली. ती गेली तेव्हा काका आले नाहीत, आणि त्या घराशी यापुढे संबंध नाही असे मी सर्वांदेखत म्हणालो होतो. अण्णा तेव्हा काही बोलले नव्हते. रविवारी सकाळी ते फिरायला जात. फोन कुठून होत असे हे मला आता कळले.

मी विचारले. विचारू नये हे कळत असताना विचारले, ‘तुम्ही काकांना फोन करता?’

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तुला बिल तपासायला दिलं होतं. मला नाही.’

दूरध्वनीवरचे संभाषण हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हे निकाल मी मोठ्या आस्थेने वाचले होते. राज्यसंस्था, कंपन्या, चोर यांच्यापासून नागरिकाचे रक्षण व्हावे, याविषयी माझे मत पक्के होते. माझ्याच घरात, माझ्याच ईमेलमध्ये, दरमहा एका वृद्ध माणसाचा खासगीपणा येऊन पडत होता आणि मी त्याला सोय म्हणत होतो, हे मात्र कुठल्या निकालात लिहिलेले नव्हते. अनोळखी तोतयाला शोधायला गेलो आणि बापाचे पत्र फोडून बसलो. दक्षता आणि हेरगिरी यांच्यातले अंतर किती, तर एक पान.

पुढच्याच आठवड्यात अण्णांनी स्वतःचा ईमेल पत्ता काढून मागितला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मी पाठवणाऱ्याचा पत्ता कसा पाहावा, दुव्यावर न जाता भरणा कसा करावा हे शिकवले. पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, ‘तू जरा बाहेर जा.’ मी गेलो. त्यानंतर दर महिन्याच्या पाच तारखेनंतर ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बिल छापून आणत आणि तारेवर टोचत. मी एकदा न राहवून म्हणालो, ‘अण्णा, दुकानातल्या संगणकावर ते राहतं. कोणीही वाचेल.’ ते म्हणाले, ‘त्याला काका कुठे माहीत आहेत?’

सुरक्षेच्या कुठल्याही तज्ज्ञाने हे उत्तर चुकीचे ठरवले असते आणि त्याचे बरोबर असते. त्या कागदावर नाव, पत्ता, क्रमांक सगळे होते. दोन महिन्यांच्या आतले फोनबिल बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, म्हणजे ते पडेल त्याच्या हाती पडू देणे धोक्याचेच. पण अण्णांची धोक्याची मोजणी वेगळी होती. परक्याच्या हाती गेले तर पैसे जातात. आपल्या माणसाच्या हाती गेले तर काय जाते, ते त्यांनी पाहिले होते.

२०२२ मध्ये अण्णा गेले. कळवायला मी साताऱ्याला फोन केला. क्रमांक शोधावा लागला नाही. काका त्याच रात्री आले. तार रिकामी करताना पाहिले तर प्रत्येक बिलाचे फक्त पहिले पान तिच्यावर होते. तपशिलाची पाने अण्णांनी कधी टोचलीच नव्हती.

बंद केलेला मोबाइल क्रमांक काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो, म्हणून मी तो रीतसर माझ्या नावावर करून घेतला. आता त्याचे बिल कागदावर येते आणि मी ते तारेवर चढवतो. अण्णांची मेलपेटी अजून तशीच आहे. तिचा पासवर्ड मला माहीत नाही. ‘पासवर्ड विसरलात का?’ या शब्दांवर टिचकी मारली, तर संकेतांक माझ्या खिशातल्या याच क्रमांकावर येईल. तो भरला की यंत्राच्या लेखी मीच अण्णा ठरेन. ती टिचकी मी अजून मारलेली नाही.