फासे टाकून अणू मोजताना

रात्रीचा दीड. हॅम्बुर्गचा पाऊस थांबत नाही आणि माझं झेनॉनचं गणितही संपत नाही.

झेनॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोजून 54. पण क्ष-किरण लेसर बाहेरच्यांना सोडून आधी आतल्यांनाच उचलतो. मग वरचे खाली घसरतात, त्या धक्क्याने आणखी एखादा बाहेर फेकला जातो. आणि हे पुन्हा पुन्हा, काही फेम्टोसेकंदांत. इलेक्ट्रॉनांच्या शक्य मांडण्या दोन कोटींच्या वर जातात. इतकी समीकरणं सोडवत बसण्यापेक्षा आम्ही फासे टाकतो, माँटे कार्लो पद्धतीने. शकुनीमामाची आठवण येतेच.

2012 साली प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरवरचा झेनॉनचा प्रयोग मला अजून छळतो. 2,000 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या झोताला गणित छान जुळलं. ऊर्जा 1,500 वर आणली, तर अणूने उलट जास्त, चक्क 36 इलेक्ट्रॉन गमावले! गणित कितीतरी अलीकडेच थांबलं होतं. हिशेबात फक्त थेट बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन धरलेले. वरच्या रिकाम्या कक्षेत उडी मारून बसणारे आणि मग निसटणारे धरलेच नव्हते. बरोबर आलेल्या शंभर आलेखांपेक्षा हा फसलेला आलेख मला प्रिय आहे.

उद्या आयोडोमिथेनचा रेणू. तिथला आयोडीन म्हणजे अट्टल कर्जबाजारी: स्वतःचे इलेक्ट्रॉन गेले की शेजारच्या कार्बन-हायड्रोजनकडून ओढतो, लेसर तेही काढून घेतो.

पडद्यावर झेनॉनचं गणित अजून 41 टक्केच. चहा टाकतो.