पस्तीस तास

दादाला पहिल्यांदा आवाज ऐकू आले ते १९८९ च्या पावसाळ्यात. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये भेलच्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, कारखान्याचा भोंगा स्पष्ट ऐकू यायचा. बाबांची पहिली पाळी असली की आई भोंग्याच्या आधी डबा भरून ठेवायची. दादा म्हणू लागला, भोंग्यातून माझं नाव घेतात, मी नापास झाल्याचं साऱ्या टाउनशिपला सांगतात. पेपर वाईट गेल्याचं त्याने मनाला लावून घेतलंय, असंच आम्हाला आधी वाटलं. मग त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि आईच्या हातचं जेवणं सोडलं.

कारणं सांगायला सगळे पुढे होते. शेजारच्या भाभीजी म्हणाल्या, नजर लगी है. बाबांचे मित्र म्हणाले, लग्न करून टाका, ताळ्यावर येईल. बाबा स्वतः १९८४ चा डिसेंबर धरून बसले होते. युनियन कार्बाइडच्या वायूने जुन्या भोपाळवर जो कहर केला तसा आमच्याकडे झाला नाही, पण सकाळी पुन्हा वायू सुटल्याची अफवा उठली आणि दादा आजीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून रायसेन रोडने पळत सुटला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा. त्याने धसका घेतला तो तेव्हाच, असं बाबा म्हणायचे. मधली जवळजवळ पाच वर्षं मात्र तो नीट शिकत होता, हॉकी खेळत होता.

यातलं काहीही आईने फारसं मनावर घेतलं नाही. तिला लागलं ते एका दवाखान्यातलं बोलणं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून बाबांना विचारलं, घरात यांचंच चालतं का? मग तिला आत बोलावून विचारलं, मुलाला लहानपणी जवळ घेत होतात का? परतताना ती गप्प होती. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "तो दोन महिन्यांचा असताना मला टायफॉइड झाला होता गं. चाळीस दिवस त्याला आजीनेच सांभाळला. त्यामुळे झालं असेल का?" मी अठरा वर्षांची होते. मला उत्तर देता आलं नाही, आणि त्या न दिलेल्या उत्तरासह ती पुढची बारा-तेरा वर्षं जगली.

दादाच्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. डॉक्टरांच्या त्या प्रश्नांचं मूळ मला लग्नानंतर पुण्यात सापडलं. फ्रीडा फ्रॉम-राइशमान या अमेरिकेत काम करणाऱ्या मनोविश्लेषक बाईंनी १९४८ मध्ये स्किझोफ्रेनिया घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली होती: मुलाला दूर लोटणारी, हुकमत गाजवणारी आई. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी दुहेरी पेचाचा सिद्धांत दिला. आई तोंडाने जवळ ये म्हणते, मूल जवळ आलं की अंग आक्रसून घेते. मुलाने काहीही केलं तरी ते चूकच. वाचताना माझे हात थरथरत होते. या मंडळींनी बहुतेक घरं पाहिली ती आजार आल्यानंतर. रात्र रात्र जागलेली, मुलाने विषाचा आळ घेतलेली बाई ताठरलेली दिसणार नाही तर कशी दिसणार? पुढे जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसलं आणि आई हे कारण मागे पडलं. फिनलंडमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात विस्कटलेल्या घराचा परिणाम दिसला, पण तो मुख्यतः ज्यांच्या जन्मदात्या आईलाच हा आजार होता अशा मुलांवर.

घराचा संबंध आहे, पण तो वेगळ्या जागी आहे, हे मला कळलं ते लंडनच्या अभ्यासांमुळे. जॉर्ज ब्राउन आणि नंतर व्हॉन व लेफ यांनी दवाखान्यातून घरी आलेल्या रुग्णांचं पुढे काय होतं ते पाहिलं. सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत आजार जास्त वेळा उलटत होता. आणि तशा नातलगांसमोर आठवड्याला पस्तीस तासांहून अधिक गेले तर आणखीच. मी हिशेब केला. आमच्या दोन खोल्यांत पस्तीस तास बुधवारीच भरत होते. आई सकाळपासून दादाच्या मागे असायची: आंघोळ केलीस का, गोळी घेतलीस का, असा काय बसलायस. ते सगळं प्रेमच होतं.

कॅल्गरीचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली होती. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मी आईला स्वमदत गटात घेऊन गेले. समोरच्या बाईंनी बोलायला सुरुवात केली ती "माझंच कुठेतरी चुकलं" अशी. आईने माझा हात धरला. त्या रात्री मी तिला टायफॉइडचं उत्तर दिलं. "नाही आई, त्याने हा आजार होत नाही." तिने मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "बाबांनाही फोन करून सांग."

भोपाळला परतल्यावर तिने काही गोष्टी बदलल्या. गोळ्या आधीपासून चालू होत्या, त्या तशाच राहिल्या. गोविंदपुरा औद्योगिक क्षेत्रातल्या एका लहान कारखान्यात बाबांच्या ओळखीने दादाला चार तासांचं काम मिळालं, कॉइलवर टेप गुंडाळायचं. आंघोळीचं विचारण्याऐवजी आई खुर्चीवर धुतलेला टॉवेल ठेवू लागली. कधी तो दुपारपर्यंत तिथेच पडून असायचा. तिला ते फार जड जायचं. ती अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालायची, सकाळी घातलेलं असलं तरी.

दादा चार वाजता घरी यायचा. मी सुट्टीत गेले होते तेव्हा एकदा साडेपाच झाले. आई फाटकाशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळून. तो दिसला तशी ती आत वळली आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा टाकू का रे?"

"टाक," दादा म्हणाला. "आज भोंगा झाला तेव्हा मी कामात होतो."