रामकुंडावरची वंशावळ

नाशिकला जायचे म्हणजे पंचवटी, काळाराम आणि परतताना चिवडा, असा आमच्या घरचा शिरस्ता. या खेपेला मात्र वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. फडक्याने तोंड बांधलेला कलश पुण्यापासून मुलीने सबंध वाटभर मांडीवर धरला होता.

गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) उपाध्यायांनी गाव विचारले, आडनाव विचारले आणि बासनातून एक लांबट वही काढली. तीत माझ्या पणजोबांची मोडीतली सही निघाली. मी पेशाने मराठीचा अध्यापक, पण मोडी वाचताना अडखळलो. उपाध्यायांनी घडाघडा वाचून दाखवली. पणजोबांच्या वर खापरपणजोबा. त्यांच्या वर कोरा कागद.

"त्यांच्या आधी कोण?" मुलीने विचारले. ती पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. करते आहे.

"ते रामरायाला ठाऊक!" उपाध्याय हसून म्हणाले.

रामकुंडात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. सोडल्या, हात रिकामे झाले, आणि मी पायरीवर मटकन बसलो. मुलगी शेजारी येऊन म्हणाली, "बाबा, आजोबांच्या हाडांतलं कॅल्शियम कुठून आलं, सांगू?"

खरे सांगतो, मला तिचा रागच आला. पण वडील शाळामास्तर. ते असते तर 'सांग' म्हणाले असते. मीही म्हटले, "सांग."

ती सांगू लागली. १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा आरंभ झाला, आणि पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन व हेलियम यांची अणुकेंद्रे तयार झाली. तिसरे फारसे काहीच नाही. मग कोट्यवधी वर्षे नुसता अंधार. त्या अंधारात वायूचे ढग स्वतःच्याच वजनाने आकसत गेले, गाभा तापत तापत कोटभर अंशांवर गेला, हायड्रोजनचा हेलियम होऊ लागला आणि पहिले तारे पेटले. मोठे तारे थोडेच जगले. त्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत कॅल्शियम घडले, लोखंड घडले, ते पुढच्या ढगांत मिसळले. अशाच एका ढगातून सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्य झाला आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीतून ग्रह. "आणि या पाण्यातला हायड्रोजन आहे ना, तो अगदी पहिल्या मिनिटांतला."

मला २००३ चा सिंहस्थ आठवला. याच पायऱ्यांवर मी वडिलांना विचारले होते, "ज्याच्यासाठी एवढी गर्दी, तो गुरू दिसतो कुठे?" ते म्हणाले, "पर्वणीला सूर्यही सिंहेत आणि गुरूही सिंहेत. सूर्याशेजारी बसलेला दिसायचा कसा?" पावणेबारा वर्षांहून थोडी अधिक, एवढी त्याची एक फेरी, म्हणून बारा वर्षांनी मेळा. तो गुरू ग्रहांतला वडीलधारा, असे मुलगी म्हणते. चकतीतला वायू विरून जाण्यापूर्वीच त्याने तो ओढून घेतला, म्हणून एवढा थोराड झाला. पृथ्वी उशिरा आली. तिच्या वाट्याला दगडमाती.

परतताना पुण्याच्या वाटेवर नारायणगावाजवळ मुलीने गाडी थांबवायला लावली. खोडदच्या बाजूला, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ताटल्या दिसत होत्या. अशा तीस आहेत, प्रत्येक ४५ मीटर रुंद. कुणी म्हणेल द्राक्षबागांत ही कसली पिके! पण २०२० साली याच दुर्बिणीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हजारो दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला. तेव्हा तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते, की जवळचा साठा शे-दोनशे कोटी वर्षांतच संपावा. नवा वायू पुरेसा आला नाही आणि तारकाजन्म मंदावला, असे शास्त्रज्ञांना त्यावरून दिसले.

अंधारून आले. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

"बाबा, उपाध्यायांनी वहीत माझं नाव लिहिलं?"

"मुलींची लिहीत नसत म्हणाले. मी लिहायला लावलं."

"कुठे?"

"आजोबांच्या खाली, माझ्या शेजारी."