नावामागचा शिक्का

आम्ही राजीवड्याची मुलं. आमच्या एका चाचांना मोहल्ल्यात 'नेव्हीतून काढलेले' म्हणत. का, ते कुणी सांगत नसे. पुढे वाचनातून उलगडलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वर खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांविरुद्ध संप पुकारला. समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. सूड घेतला जाणार नाही, या पुढाऱ्यांच्या भरवशावर २३ तारखेला ते शरण गेले. तरी शेकडो कैदेत पडले, बडतर्फ झाले. स्वातंत्र्यानंतर भारत-पाकिस्तान, कुठल्याच आरमारानं त्यांना परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिकाचा मान फार उशिरा आला. चाचा तोवर कबरीत होते. तो शिक्का आता आम्हीच पुसायचा आहे.